डाव्या हाताची वीण

चारच इयत्ता शिकलेय मी, पण माणसाचा हात मला वाचता येतो.

त्या दुपारी आमच्या बेटावरच्या नुकुआलोफा शहराच्या इस्पितळात फरशी पुसत होते. एक तरणा डॉक्टर सरावाच्या पेटीपुढे घामाघूम. पेटीत खुंट्या नि इवल्या कड्या, बाहेर दोन लांब चिमटे. समोरच्या टीव्हीत बघत कडी या खुंटीवरून त्या खुंटीवर न्यायची. चिडून त्यानं पेटी उघडली... नि कडी टप्पकन माझ्या बादलीत!

"पोटातसुद्धा असंच सांडणार का, डॉक्टर?"

तो हसला. "किटिओने नाव माझं, तसंच म्हणा. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी हाताची परीक्षा आहे महिन्यानं. शाप नका देऊ."

"चोरून हातांकडे बघतोस. विणणारी बाई बघते का? मी लाताई. घरी ये, चटई विणायला शिकवते."

आला की! बायकांच्या घोळक्यात मांडी ठोकून बसला. हातात केवड्याच्या पानांच्या पट्ट्या, नजर माझ्यावर.

"माझ्याकडे काय बघतोस? समुद्राकडे बघ."

"समुद्र रागावत नाही, लाताई... मजा नाही येत."

माझी आत्या खिदळली, "या जोडीत नवरी कोण, ते ठरवा गं आधी!"

त्याची उजवीकडची वीण घट्ट. डावी सैल... रोज थोडी जास्तच. पाहुण्याची सैल वीण त्याला दाखवायची नाही, तो गेल्यावर गुपचूप ओढून घ्यायची, ही माझ्या आईची शिस्त. मी रोज ओढली. दुसऱ्या दिवशी तो खूश — "बघ, डावा हातही सुधारला!"

मी मान डोलवायचे.

परीक्षेत यंत्रानं चिमट्यांच्या टोकांची वाट पडद्यावर काढली. उजवी सरळ. डावी — खेकडा वाळूत धावावा तशी. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याची बोटं दाबून पाहिली. नस दबून मेलेली. "महिन्यापूर्वी आला असतास तर हात वाचला असता," म्हणाल्या.

तो थेट चटईपाशी आला. डावी कड चाचपली — घट्ट, माझ्या हातची.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस, लाताई?"

"बोलले असते तर... तू चटईवरून उठला असतास."

त्यानं माझा हात डाव्या हातात घ्यायला पाहिलं. बोटं मिटेचनात. मग तो उठला. शुक्रवारच्या विमानानं ऑकलंडला गेला, परतला नाही.

चटई अर्धीच आहे. मी ओढून घट्ट केलेली प्रत्येक पट्टी परत सैल केली, त्याच्या हातून सुटायची तेवढीच. तिच्यावर कुणाला बसू देत नाही.