परत पाठवा

१४ डिसेंबर २०२३, गुरुवार. सिद्धोधन सर पालमहून दुपारच्या एसटीने गंगाखेडमार्गे परभणीला निघाले. काम साधं होतं. एक पाकीट द्यायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

ही तारीख दत्तराव आबांनी आम्हाला दोनदा सांगितली. आबा पालमला पोस्टमन होते. रिटायर झाल्यापासून वालूरला आमच्या शेजारी राहतात. परवा गावातली डीपी जळाली आणि वीज गेली, म्हणून मी, माझा चुलतभाऊ हरिओम आणि त्याची बहीण मंजुषा त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. हरिओमला शाळेच्या लायब्ररीत 'अवेळ' नावाच्या त्रैमासिकाचा जुना अंक सापडला होता. मोबाइलच्या उजेडात तो त्यातली एक गोष्ट मोठ्याने वाचत होता. एका बाईच्या घराला रोज एक पायरी वाढते. एवढंच.

"मंग पुढं?" मंजुषाने विचारलं.

"संपली."

"अशी कशी संपली? पान फाटलंय का बघ."

"ह्यातल्या गोष्टी अशाच ऱ्हातेत," आबा अंधारातून म्हणाले. "ह्या अंकापायी एक माणूस बेजार झालाय. माझ्या वळखीचा हाय. अन् थोडी चूक माझी बी हाय त्यात."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

सिद्धोधन सर पालमच्या एका शाळेत मराठी शिकवतात. बारा वर्षांपूर्वी बसस्टँडवर गाडीची वाट बघताना बाकावर कुणीतरी विसरलेला 'अवेळ' त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो तिथेच बसून वाचला आणि दोन गाड्या सोडल्या. त्यात भुतं नव्हती. नेहमीची माणसं होती, नेहमीची घरं होती, फक्त एखादी गोष्ट जागेवर नसायची. ती का नाही, हे कुणी सांगत नव्हतं. सरांनी तो अंक आबांना वाचायला दिला.

"मला अर्धं बी कळलं न्हाई," आबा म्हणाले. "पण नंतर आठ दिवस घराचं दार उघडायच्या आधी मी जरा थांबायचो. मास्तर म्हणला, दत्तराव, मला असंच लिहायचंय. दुसरीकडं कुटं छापून आलं तर मला नको. ह्यातच पायजे."

सर लिहू लागले. परभणीला व्यंकटराव नावाचे एक गृहस्थ घरूनच तो अंक काढत. सर गोष्ट पाठवायचे, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. महिन्याभरात तेच पाकीट फिरून यायचं. ते आबाच नेऊन द्यायचे. आत छापील चिठ्ठी असायची, साभार परत. अशी अकरा वर्षं गेली. शाळेत पोरं मागून म्हणायची, "साभार सर आले."

मग सरांनी 'उद्याची गाडी' लिहिली. एका माणसाला फाट्यावर दुसऱ्या दिवशीची एसटी आजच येऊन मिळते आणि तो तिच्यात चढतो, अशी ती गोष्ट होती. अकरा पानं. तीही माघारी आली, पण या वेळी आत छापील चिठ्ठी नव्हती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने दोनच शब्द होते. परत पाठवा.

"त्यानं मला दाखवलं. मी म्हणलं, मास्तर, परत पाठवा म्हणायलेत ना? मंग पाठव की पुन्ना. जरा नीट करून पाठव."

सरांनी सगळी गोष्ट पुन्हा उतरवून काढली आणि पाठवली. परत आली. कोपऱ्यात तेच. परत पाठवा. पुन्हा उतरवली. असं सात वेळा झालं. काय कमी आहे ते कोणी सांगेना. बायको, रेणुका, म्हणाली, "एकदा जाऊन तोंडावर इचारून या. हो का न्हाई."

म्हणून ते आठवी प्रत घेऊन निघाले होते.

परभणीत घर शोधेपर्यंत साडेसात झाले. दार कमलबाईंनी उघडलं, व्यंकटरावांच्या पत्नीने. सरांनी नाव सांगितलं, पिशवीतल्या सातही प्रती काढल्या आणि कोपऱ्यातले शब्द दाखवले. कमलबाईंनी चष्मा लावून बघितलं. मग त्यांना हसू आलं.

"अहो मास्तर, हे तुमाला न्हाई लिहिलेलं. मला लिहिलंय. नको असली गोष्ट की ते कोपऱ्यात लिहायचे, परत पाठवा. म्हंजे माघारी धाडून दे. छापलेल्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, म्हणून मी तशीच पाकिटात घालायची."

सरांनी पुन्हा तो कोपरा बघितला.

"तुमीच व्हय ते? ते म्हणायचे, हा पालमचा मास्तर लय चिवट हाय. नको म्हणलं की तीच गोष्ट फिरून पाठवतो."

"मला वाटलं, पुन्हा पाठवा म्हणतात," सर म्हणाले.

"आता काय बोलावं. पाणी घ्या."

सरांनी पाणी घेतलं. मान खाली घालून विचारलं, "व्यंकटराव सर आहेत का घरात? एकदा भेटलो असतो."

कमलबाईंचं हसू गेलं. "तुमाला कुणी सांगितलं न्हाई? ते गेले की. नऊ ऑगस्टला. अंक बी बंद केला आमी."

सरांनी प्रतींकडे पाहिलं. पहिल्या तीन ऑगस्टच्या आधीच्या होत्या. बाकीच्या चार सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या.

"त्या चार मीच नेऊन दिल्या," आबा आम्हाला म्हणाले. "शिक्का परभणीचाच होता. शिक्का मी बघतोच."

सरांनी विचारलं, "काकू... मग ह्या चार कोणी पाठवल्या?"

कमलबाई दचकल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "ते गेल्यावर आलेली पाकिटं मी फोडली न्हाईत. त्यांच्या टेबलावर ठेवायची. सकाळी नसायची." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. आठला दोन मिनिटं कमी होती. "आणलीय का आज?"

सरांनी पाकीट पुढे केलं. त्या ते आतल्या खोलीत ठेवून आल्या. दार लोटून घेतलं. आत दिवा नव्हता.

"बसा. आता मधी बोलू नका."

"का?"

"आठला ते वाचायला बसतेत."

आबा इथे थांबले. खालच्या गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल गेली.

मग... आतल्या खोलीतून पाकीट फाटल्याचा आवाज आला.

खुर्ची सरकली.

थोडा वेळ काही नाही.

पान उलटलं.

"मास्तर पळाला न्हाई," आबा म्हणाले. "मी इचारलं, कामून पळाला न्हाईस? तर म्हणला, दत्तराव, बारा वर्षांत माझी गोष्ट कुणी वाचायलंय, हे मी पैल्यांदा ऐकत होतो."

सर बसून मोजत राहिले. तिसरं पान. चौथं. पाचव्याला वेळ लागला. सरांना वाटलं, तिथे काही चुकलंय. सहावं. सातवं पटकन गेलं. आठवं. नववं. दहावं... अकरावं.

संपली.

सर उठले. आता पेन्सिल ऐकू येईल. हो किंवा नाही.

पान उलटलं.

बारावं.

कमलबाई कुजबुजल्या, "किती पानांची हाय?"

"अकरा."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेरावं. चौदावं. एकसारखं... न थांबता. कुणीतरी मन लावून वाचत होतं.

सर दारापाशी गेले. मधे बोलू नका, असं कमलबाईंनी बजावलं होतं. तरी विचारलंच. "सर... कशी झालीय?"

आवाज थांबला.

आतून काही नाही.

"सर... हो तरी म्हणा. नाहीतर नाही म्हणा."

काही नाही.

सरांनी दार ढकललं. कमलबाईंनी मागून हात घालून दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर पानं होती, एकावर एक नीट लावलेली. मोजली, तर अकराच. पहिल्या पानाचा कोपरा कोरा. लाल पेन्सिलीची रेघही नव्हती. सरांनी शेवटचं पान काढलं. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त शेवटच्या वाक्याचा पूर्णविराम नव्हता. बॉलपेनने दिलेला होता, तो नव्हता. खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही.

"मंग छापून आली का?" हरिओमने विचारलं.

"कशात येनार बाबा? अंक बंद हाय."

घरी आल्यावर सरांनी पूर्णविराम दिला. सकाळी तो नव्हता. पुन्हा दिला. पुन्हा नव्हता. रेणुकाताईंनी पानं आलमारीत ठेवून कुलूप लावलं. तरी नव्हता. शेवटी सरांनी बारावं पान लिहिलं. गाडीतला माणूस खाली उतरतो आणि गोष्ट संपते, असं. शेवटी पूर्णविराम दिला. सकाळी तोही गेलेला. मग तेरावं पान.

"आता तीनशे चाळीस पानं झालीत. शाळेतून आला की बसतो. जेवण तिथंच. दुसरी गोष्ट सुचत न्हाई अन् ही संपत न्हाई. पैले वाचणारा नव्हता म्हणून रडायचा. आता म्हणतो, दत्तराव, व्यंकटरावांना एकदा नको तरी म्हणायला सांगा."

"तुमी काय केलं मग?" मी विचारलं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे आबांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"काय करनार? पुन्ना पाठव म्हणून मीच सांगितलं होतं ना. गेल्या महिन्यात गेलो पालमला. म्हणलं, आण ते पान इकडं, मीच संपवतो. त्यानं शेवटचं पान दिलं. खाली कोऱ्या कागदांची चवड होती. मी माझा पेन काढला अन् टिंब दिलं. रागानं दिलं. एवढ्या जोरात दाबलं की कागदाला भोक पडलं. मास्तर बघत होता, त्याची बायको बघत होती. रात्री मी तिथंच मुक्काम केला."

"अन् सकाळी?"

आबा भिंतीला टेकले होते, ते सरळ बसले.

"टिंब नव्हतं," ते म्हणाले. "भोक बी नव्हतं. मी पान उजेडात धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं. कागद सलग. मला वाटलं, झोपेत काही भास झाला असंल. मी टिंब दिलंच नसंल."

"मग?"

"मग मी ते पान परत चवडीवर ठेवायला गेलो. खालचा कागद कोरा होता... अन् त्याच्यावर, बरोबर त्याच जागी, माझ्या पेनाच्या निळ्या शाईचा ठिपका होता."