बोरीकर सरांचा पहिला तास

प्रवेशोत्सवाच्या सकाळी आठवी 'अ'च्या वर्गात दोन बोरीकर सर हजर होते. एक फळ्याच्या जागी बसवलेल्या भिंतभर पडद्यावर उभे होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात खडू, वय पन्नाशीच्या आत. दुसरे खरे. त्यांना त्यांच्या पत्नीने, मालतीबाईंनी, चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला आणि खांद्यावर शाळेने नुकतीच पांघरलेली शाल. नव्या गणवेशातली मुलं एकदा या सरांकडे बघत होती, एकदा त्या सरांकडे. गुलाबाची फुलं आणि पेढे वाटून झाले होते. मागे भिंतीला टेकून पालक दाटीवाटीने उभे होते.

वृषाली दळे खिडकीजवळच्या टेबलामागे पडद्याच्या नियंत्रणाची पाटी, म्हणजे टॅबलेट, घेऊन बसली होती. सकाळपासून तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. भीतीने नव्हे हो, आनंदाने! या एका तासाची तिने वीस-बावीस वर्षं वाट पाहिली होती.

हेडसर काकडे घसा खाकरून उभे राहिले. "बाळांनो, तुम्ही वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून आलात. आता हे हायस्कूल. इंग्रजीच्या तासाला काय होईल, अशी धास्ती असेल पोटात. अजिबात घाबरू नका! मोठ्याने वाचन असेल, संवाद असतील, गोष्टी असतील, शनिवारी छोटंसं नाटक बसवायचं. घोकंपट्टी करायची नाही, बोलायचं. आणि शिकवणार कोण? ज्यांनी या अख्ख्या गावाला इंग्रजी शिकवलं ते बोरीकर सर! प्रकृतीमुळे सरांना येणं जमत नाही, म्हणून हा त्यांचा प्रतिशिक्षक."

"म्हणजे व्हिडिओच ना?" मागून एका आईने विचारलं.

"छे! व्हिडिओला तुमचं पोरगं दिसतं का? याला दिसतं. दळे मॅडम, जरा सांगा बरं."

वृषाली उभी राहिली. हे बोलणं तिचं पाठ होतं. "सर शिकवत होते तेव्हाच संस्थेने वर्गावर्गात कॅमेरे आणि माइक बसवले होते. त्या सगळ्या वर्षांचं चित्रण आम्ही संगणकातल्या एका शिकणाऱ्या जाळ्याला ऐकवलं, दाखवलं. सरांची वाक्यं त्यात साठवलेली नाहीत. सर केव्हा हसतात, केव्हा थांबतात, केव्हा रागावतात, कोणाला काय विचारतात, ती सगळी रीत जाळ्याने उचलली. आता समोर नवी मुलं आली तरी सर वागले असते तसंच ते वागेल."

"तसंच?" खुर्चीतून बोरीकर सरांनी विचारलं. शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून घरंगळत आला.

"अगदी तसंच, सर," वृषाली म्हणाली आणि गोड हसली.

"आणि बरं का," हेडसरांनी पुढे जोडलं, "आत्ता याच घटकेला संस्थेच्या सगळ्या शाखांत हाच तास सुरू होतोय. एकच सर, सगळीकडे!"

टाळ्या पडल्या. वृषालीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचं लक्ष खिडकीकडच्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावर होतं. बाक आता नवा होता, पण जागा तीच. तेव्हाही असाच पहिला दिवस होता. सरांनी तिला उठवून इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली आणि तिच्या तोंडून अक्षर फुटेना. सर शांतपणे वाट बघत राहिले. मग म्हणाले, "पुढे?" पुन्हा थोडं थांबून, "पुढे?" मग तिला बाकावर चढवलं. म्हणाले, "नीट बघून घ्या. काही तोंडांना इंग्रजी शोभत नाही." आणि वर्गाकडे वळून नुसती भुवई उंचावली. सगळ्या वर्गाने बोटं नाचवत सूर लावला, "शेम शेम! शेम शेम!" बाप सलूनमध्ये दिवसभर वस्तरा चालवायचा. त्याला सांगून काय होणार होतं? तिने सांगितलंच नाही.

मेलं एक वाक्य! पण ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं ते उतरलंच नाही. कॉलेजात पहिली आली, यंत्रांना बोलायला शिकवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता, पण मुलाखतीत समोरचा इंग्रजीत बोलू लागला की ती पुन्हा त्या बाकावर उभी असायची. चांगल्या चांगल्या नोकऱ्या हातातोंडाशी येऊन गेल्या. तिच्याहून कच्ची पोरं परदेशी गेली. ती संस्थेच्या तंत्रविभागात राहिली, आणि बोरीकर सरांचा प्रतिशिक्षक करायचं काम निघालं तेव्हा तिने ते मागून घेतलं.

आवाजाचे नमुने घ्यायला ती सरांच्या घरी जाऊ लागली. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, मला ओळखलंत?" सरांनी बराच वेळ पाहून मान हलवली. "नाही गं बाई. इतकी मुलं..." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं सगळं आयुष्य ज्याने वाकडं केलं, त्याला ती आठवतसुद्धा नव्हती!

आणि मग तिला कळलं की सरांची इंग्रजी गेली आहे. पक्षाघाताचा झटका आला आणि त्यात कष्टाने कमावलेली भाषा धुऊन निघाली. आईकडून आलेली मराठी तेवढी अडखळत उरली. असं होतं कधीकधी, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मालतीबाईंनी वृषालीचा हात धरून सांगितलं, "गावात त्यांचं नाव आहे, पोरी. कार्यक्रमात त्यांना इंग्रजीत चार शब्द बोलायला लावू नका. तेवढी लाज राख."

"काळजी करू नका, काकू," वृषाली म्हणाली होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कार्यालयात सगळ्यांच्या देखत बसून तिने काम केलं. प्रत्येक प्रतिशिक्षकाला एक गाळणी लावलेली असते. मूळ शिक्षकाचा राग, टोमणे, अपमान ती गाळून टाकते. वृषालीने ती काढली. मग जुन्या चित्रणातून स्वतःचा तो तास शोधला. तेरा वर्षांची, दोन वेण्यांची वृषाली बाकावर उभी होती. तिने तो तेवढा तास जाळ्याला पुन्हा पुन्हा दाखवला आणि सरांचा आजचा चेहरा ओळखीसाठी जोडून दिला. हा चेहरा दिसला की याला उठव. दुसऱ्या शाखांत हा चेहरा नसेल, तेव्हा तिथे काही होणार नाही, असा तिचा हिशोब. बाकीच्या वर्षांचं चित्रण तिने ऐकलं नाही. कोण ऐकत बसतं? जाळंच ऐकतं.

पडद्यावरच्या बोरीकर सरांनी खडू खाली ठेवला.

"गुड मॉर्निंग, एट्थ ए." तोच तो खणखणीत आवाज! मागच्या काही पालकांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. तेही याच वर्गातून गेलेले. "आज पहिला दिवस. इंग्रजीत ओळख करून द्यायची." नजर बाकांवरून फिरली आणि चाकांच्या खुर्चीवर थांबली. "यू, इन द शॉल. इंट्रोड्यूस युवरसेल्फ."

सगळे हसले. वा, काय गंमत केली आहे, असं त्यांना वाटलं. मालतीबाईंनी मात्र झटकन वृषालीकडे पाहिलं. वृषाली पाटीकडे बघत राहिली.

सरांनी डावा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळला. "मा... माय..." ओठ हलत होते, कपाळावर घाम होता. "माय..."

पडद्यावरचे सर शांतपणे वाट बघत राहिले. "पुढे?"

हसू विरलं. 

"पुढे?"

"पुरे करा ते!" मालतीबाई ओरडल्या.

"एवढं वय झालं आणि स्वतःचं नाव सांगता येत नाही?" पडद्यावरचा आवाज जराही चढला नाही. "नीट बघून घ्या सगळ्यांनी. काही तोंडांना इंग्रजी शोभत नाही." आणि भुवई उंचावली.

नव्या मुलांना त्या भुवईचा अर्थ ठाऊक नव्हता. पण मागे उभ्या असलेल्या एका टक्कल पडलेल्या बापाच्या तोंडून, त्याच्याही नकळत, निसटलं, "शेम शेम!" तो स्वतःच दचकून हसला. आणि मग काय! पोरांना तेवढंच हवं होतं. बोटं नाचू लागली, सगळा वर्ग एका सुरात सुरू झाला.

वृषालीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोलायचं? सरांचे कान लाल होताना, मान खाली जाताना, शाल खांद्यावरून घसरताना तिने डोळे भरून पाहिलं. असंच हवं होतं तिला! भोगा म्हणावं. ती उठली, गोंगाटातून वाट काढत खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"आठवलं का आता? मी वृषाली दळे. सलूनवाल्या दळ्यांची. याच वर्गात मला बाकावर चढवलं होतंत."

सरांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण ओळख नव्हती. त्यांनी तिला खरोखर मनापासून आठवायचा प्रयत्न केला, ते दिसत होतं.

"नाही आठवत गं," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "दर वर्षी... पहिल्या दिवशी... एकाला उभं करायचो. एक रडलं की बाकीचे... वर्षभर पाठ करून येतात." ते दम घ्यायला थांबले. "तू कोणत्या वर्षाची?"

 दर वर्षी! म्हणजे वृषाली कोणी खास नव्हती. तिच्या आधी पोरं होती, तिच्या नंतर होती, जूनमागून जून. आणि ते सगळे जून जाळ्याने ऐकले होते. तिने न ऐकलेले. गाळणी नसताना. सरांचा चेहरा तिने जोडून दिला होता, पण रीत तर जाळ्याने आधीच उचलली होती.

"आता मुलांमधून," पडद्यावरचे सर म्हणाले.

"सर, तुम्ही कोणाला निवडायचात?" तिने खुर्चीचा दांडा धरून विचारलं. "कसं निवडायचात?"

"ज्याच्या घरून... कोणी भांडायला येणार नाही," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"यू. फोर्थ बेंच. यस, यू." पडद्यावरच्या सरांनी बोट रोखलं.

एक बारीकशी मुलगी उठली. ईश्वरी पौळ, असं तिच्या नव्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. बाकीच्या मुलांनी मागे वळून आपापल्या आईबापांकडे पाहिलं. ईश्वरीने पाहिलं नाही, कारण तिच्याबरोबर कोणी आलंच नव्हतं. जाळ्याला ते भिंतीजवळचे चेहरे मुलांच्या चेहऱ्यांशी ताडून आधीच कळलं होतं.

वृषाली धावली. पाटीवर बोट दाबलं, तर पाटी म्हणे तास सुरू आहे, संस्थेच्या मुख्यालयाची परवानगी घ्या. "पुढे?" पडद्यावरून आवाज आला. ती टेबलाखाली शिरली, वायर सापडेना. "पुढे?" "स्टँड ऑन द बेंच." मुलगी बाकावर चढली होती. वर्ग तयारीतच होता. भुवई उंचावायची वाटसुद्धा कोणी पाहिली नाही.

वायर हाताला लागली. तिने ती भिंतीतून उपटली आणि पडदा काळा झाला. "शेम शेम" मात्र आणखी थोडा वेळ चालूच राहिलं, कारण ते काही वायरवर चालत नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुसऱ्या शाखेच्या मुख्याध्यापिका होत्या. "दळे मॅडम, कमाल केलीत हो! एका पोराला बाकावर काय चढवलं, सगळा वर्ग चिडीचूप. पालकसुद्धा खूश आहेत. म्हणतात, असाच कडक मास्तर हवा होता!"

"बंद करा ते! आधी बंद करा!"

"अहो, का? तास तर आत्ताशी रंगात आलाय."

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजू लागला, तिसऱ्या शाखेचा. मालतीबाई खुर्ची वळवून दाराकडे निघाल्या होत्या. जाताना त्या वृषालीपाशी थांबल्या नाहीत.

ईश्वरी अजून बाकावरच होती. तिला उतरायला कोणी सांगितलं नव्हतं. ती रडली नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि ती काळ्या पडद्याकडे बघत होती.

"हे कोणी बनवलं?" तिने विचारलं.

हेडसरांना काहीतरी करून प्रसंग सावरायचा होता. ते घाईघाईने हसत पुढे आले. "या मॅडमनी, बाळ. आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. वृषाली दळे. टाळ्या वाजवा बरं सगळ्यांनी!"

टाळ्या वाजल्या. मुलीने मान वळवून वृषालीकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. तिचे ओठ हलले. ती ते नाव मनातल्या मनात म्हणत होती, विसरायचं नाही अशा बेताने. वृषालीने ते ओळखलं. आज संस्थेच्या किती शाखांत किती पोरं बाकावर उभी असतील आणि त्यांतल्या किती जणांना हे नाव कळेल, कोण जाणे. पण सुडाला वीस-बावीस वर्षं थांबता येतं, हे तिच्याहून जास्त कोणाला ठाऊक होतं?