कोर्टहाउसमधली दोन घड्याळं

हे मी रचून सांगत नाहीये. व्हर्लीन स्टॉकर बत्तीस वर्षं माझी शेजारीण आहे, आणि तिला काही रचून सांगता येत नाही हे सगळं गाव जाणतं. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा ती फक्त तारीख घालून सही करते.

गुरुवार, सोळा जानेवारी २०१४. साउथ डाकोटातलं आमचं ऑल्डर्न गाव. काउंटीच्या कोर्टहाउसमधलं नोंदणी ऑफिस.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

आता हे तीन कुणाचे, ते आधी सांगायला हवं. आमच्या काउंटीच्या मधून वेळेची रेघ जाते. ओढ्याच्या पूर्वेला घड्याळ एक तास पुढे, पश्चिमेला एक तास मागे. आम्ही पुढची वेळ आणि मागची वेळ म्हणतो. कोर्टहाउस पुढच्या वेळेवर चालतं. पण कुणाशी हुज्जत नको म्हणून भिंतीवर घड्याळं दोन लावली आहेत.

व्हर्लीन बावीस वर्षं त्या घड्याळांखाली बसून लग्नाची लायसन्स देत होती. काउंटीतल्या निम्म्या संसारांवर तिचा शिक्का होता. तिचं स्वतःचं नाव मात्र त्या वह्यांत कुठेच नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण ती बोलून दाखवायची नाही.

त्या दिवशी ती एकटीच होती. साहेब मीटिंगला गेले होते. बाहेर बर्फ भुरभुरत होता. जुना हीटर नेहमीसारखा ठोके देत होता... ठक... ठक... ठक.

मग तो थांबला.

व्हर्लीनने मान वर केली. समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती.

दार वाजलं नव्हतं. तो बाक कुणी टेकलं तरी कुरकुरतो. तोही कुरकुरला नव्हता.

वीस-एकवीस वर्षांची असेल. चौकड्यांचा लोकरी कोट, हातांत विणलेले लोकरी हातमोजे. कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला दिसतोय, हल्ली हेच खूळ आहे, असं व्हर्लीनला वाटलं.

"लग्नाचं लायसन्स हवंय," मुलगी म्हणाली.

"एकटीलाच?"

"येतोय तो. तीन म्हणाला होता."

"दोघांनी माझ्यासमोर सही करायची असते गं. एकीला देऊन मी काय करू?" व्हर्लीन हसली. "बस. आत्तापासून वाट बघायची सवय झाली तर बरंच आहे."

मुलगीही हसली. व्हर्लीनने अर्जाचा कागद पुढे सरकवला. तो येईपर्यंत तुझा भाग भरून ठेव म्हणाली. मुलीने हळूहळू, शाळेतल्यासारखं अक्षर काढत लिहिलं आणि सही केली. कागद काउंटरवर पालथा ठेवून ती परत बाकावर जाऊन बसली.

व्हर्लीन जमिनीच्या कागदांत गुंतली. तासभर फोन वाजला नाही. मुलगी अधूनमधून विचारायची, "बाहेर एखादी गाडी दिसते का हो?" व्हर्लीन खिडकीतून बघायची आणि नाही म्हणायची.

तिसऱ्यांदा नाही म्हणताना तिचं लक्ष मुलीच्या बुटांकडे गेलं.

बुटांवर बर्फ होता.

ऑफिसात इतकी ऊब होती. तासभरात तो वितळायला हवा होता... वितळला नव्हता.

चारला पाच मिनिटं कमी असताना मुलगी उठली.

"दूधवाल्याची गाडी सुटेल," ती म्हणाली. "पश्चिमेला जाणारी तेवढीच आहे. तो काही आता येत नाही."

"अगं, अजून दहा मिनिटं थांब की."

"त्याला यायचंच नसेल." एवढंच बोलून ती निघाली.

व्हर्लीनला चुटपुट लागली. उगाच थट्टा केली आपण. ती उठून दारापर्यंत गेली. पायऱ्यांवर तासाभराचा ताजा बर्फ साठला होता.

त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आणि दूधवाल्याची गाडी... ती तर व्हर्लीन शाळेत असतानाच बंद झाली होती.

ती काउंटरमागे येऊन बसली. बरोबर चार वाजता दार उघडलं आणि हालवर ट्वेट आत आला.

तिला हायसं वाटलं. हालवर ओळखीचा होता. पूर्वेकडचा शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. सुगी, मयत आणि हवामान दहा शब्दांत उरकणारा माणूस. तो आजारी आहे आणि पुतणीने त्याला शहरात हलवलंय, असं तिच्या कानावर आलं होतं.

"हालवर! या थंडीत गाडी चालवत आलात? पुतणी ओरडेल तुम्हाला."

"तिला माहीत नाही," तो म्हणाला. "व्हर्लीन पोरी, एक काम कर. नवऱ्यामुलींची यादी बघ. इडेल क्वामे. तिने कुणाशी लग्न केलं?"

"आज कसं काय हे?"

"उद्यापासून मी इकडे नसणार. एवढं कळलं की झालं."

तो टोपी हातात धरून उभा होता. बावीस वर्षांत त्याने त्या ऑफिसात पाऊल टाकलं नव्हतं.

व्हर्लीनने जाड वह्या काढल्या. १९५८पासून पुढे क ची पानं चाळली. मग पुन्हा चाळली.

"नाही हो. या काउंटीत तरी तिचं लग्न झालेलं नाही. कोण होती?"

मग हालवर आयुष्यभरात बोलला नसेल एवढं बोलून गेला.

"ओढ्यापलीकडची. आम्ही इथे भेटायचं ठरवलं होतं. तीन वाजता. ती पश्चिमेची, मागच्या वेळेवर वाढलेली. म्हटलं, ती तिच्या घड्याळाने निघेल, उगाच तिची धावपळ नको. म्हणून मी तिचे तीन धरले. म्हणजे इथले चार. चारला आलो. आत यायची लाज वाटली. बाहेर गाडीतच बसलो. पाचला इथले दिवे मालवले. ती आली नाही."

"मग तुम्ही विचारलं नाही तिला?"

"काय विचारायचं? नको म्हणाली, एवढंच ना. आठवड्याने ती मावशीकडे सिअ‍ॅटलला गेली म्हणून ऐकलं. मी गायी बघितल्या." त्याने टोपी फिरवली. "एकच जाणून घ्यायचंय. ती निघाली तरी होती का?"



काउंटरवर तो कागद अजून पालथाच होता. तिने तो उलटला...

तो तिने दिलेला अर्ज नव्हता. जुना, पिवळा पडलेला कागद होता. आताच्या साहेबांच्या जन्माआधीचा छापा. तारीख सोळा जानेवारी १९५८. वर शाळेतल्यासारखं अक्षर. इडेल मार्गित क्वामे.

खाली नवऱ्याची जागा कोरी होती.

आणि शाई ओली होती.

"हालवर," ती म्हणाली. "ती आली होती. तीनला. इथल्या तीनला."

हालवरने कागद डोळ्यांजवळ धरला.

"इथल्या तीनला..." तो म्हणाला. मग त्याचा चेहराच बदलला. "म्हणजे माझे तीन. तिने माझे तीन धरले."

तो तिचा विचार करून एक तास उशिरा आला. ती त्याचा विचार करून एक तास लवकर आली. छप्पन्न वर्षं दोघंही समजत राहिले की समोरच्याला आपण नको होतो.

व्हर्लीन रडायला लागली. मला सांगतानाही रडली.

हालवरने पेन घेतलं आणि कोऱ्या जागी सही केली. "कुठल्या बाजूला गेली?"

कधी, हे त्याने विचारलं नाही.

"पश्चिमेला," व्हर्लीन म्हणाली. "आत्ताच. चारला पाच कमी असताना."

म्हातारा धावला. खरंच धावला. व्हर्लीन कोट अडकवून मागे गेली.

पायऱ्यांवर बर्फ तसाच होता... कोरा.

आत हीटर पुन्हा ठोके देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी पुतणीचा फोन आला. मृत्यूची नोंद कशी करायची, विचारत होती. काका काल शहरातल्या हॉस्पिटलात गेले. दुपारी तीन वाजता.

"कुणाचे तीन?" व्हर्लीनने विचारलं.

"म्हणजे?... इथले. मागच्या वेळेचे."

म्हणजे आमचे चार.

वर्षभर तो कागद व्हर्लीनच्या खणात होता. तिला भीती वाटायची, पण त्याहून जास्त एक गोष्ट खात होती. मेल्यावरही त्यांची चुकामूक झाली होती, पाच मिनिटांनी. आणि तेव्हा तिथे ती एकटी हजर होती.

पुढच्या सोळा जानेवारीला तिने लायसन्स तयार केलं. शिक्का मारला. असं करणं नियमात बसत नाही; तिने आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडला. कॉफी केली आणि बसून राहिली.

तीन वाजले. हीटर थांबला.

"तीन म्हणाला होता," बाकावरून आवाज आला.

व्हर्लीनने मान वर केली नाही. "माहीत आहे. बस."

तो तास फार लवकर गेला, असं ती म्हणते. दोघी काही विशेष बोलल्या नाहीत. पण ऑफिसात आपल्यासोबत कुणीतरी आहे, असं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चारला पाच कमी. कोटाची सळसळ झाली.

"दूधवाल्याची गाडी..."

"जाऊ नकोस पोरी," व्हर्लीन म्हणाली. "त्याने तुझे तीन धरलेत. मागच्या वेळेचे. तुझी धावपळ नको म्हणून."



मग... ती मुलगी यायला लागल्यापासून पहिल्यांदाच... तो बाक कुरकुरला. कुणीतरी परत बसलं होतं.

चार वाजता दार उघडलं. जड बूट आत आले. व्हर्लीन टेबलाकडेच बघत होती.

"उशीर झाला," पुरुषाचा आवाज म्हणाला.

"नाही रे," मुलगी म्हणाली. "मीच लवकर आले."

हीटर ठोकायला लागला तेव्हा व्हर्लीनने वर बघितलं. बाक रिकामा होता. खाली पाण्याचं थारोळं होतं... वितळलेल्या बर्फाचं.

काउंटरवरचं लायसन्स नव्हतं.

आता आमच्याकडे पद्धत अशी आहे. लग्न लागलं की पाद्री लायसन्सच्या खालच्या भागावर सही करतो आणि दहा दिवसांत कागद कोर्टहाउसला परत पाठवतो. तो परत आला की मगच वहीत नोंद होते. तोवर ते लग्न आमच्या लेखी झालेलंच नसतं.

व्हर्लीन रोज टपाल बघते. पाकिटं उलटीपालटी करून, आतसुद्धा बोट फिरवून. कागद अजून आलेला नाही. तो कुणी आणि कुठून पाठवायचा, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

२०१६च्या सोळा जानेवारीला शनिवार होता. कोर्टहाउस बंद. तरी ती किल्ली घेऊन गेली. तीनला कॉफी केली, तीन कप काढले. चार वाजले. मग मागच्या वेळेचेही चार वाजले. हीटर एकदाही थांबला नाही.

अंधार पडायच्या आत ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोटही काढला नव्हता.

"भेटले असतील. बरंच झालं," ती म्हणाली. मग टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत राहिली. "पण कळवायचं तरी होतं गं मला."