दाबून धरलेली जागा

दार लावून घ्या रे, आणि ते मोबाईल खाली ठेवा. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली. खोटी वाटली तर त्याला विचारा. तो विषय बदलेल.

मेहुणा एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय. सगळे त्याला मामा म्हणतात. गेल्या मार्चमधली, शनिवार संपून रविवार लागतानाची रात्र. तिसऱ्या मजल्यावर एका पेशंटची चादर बदलायला तो गेला. त्या माणसाच्या जांघेतून नळी घालून हृदय तपासलं होतं. चादर ओढली, तर पट्टीतून रक्त वाहत होतं.

सिस्टर धावत आल्या. गॉजचा जाड बोळा ठेवून त्यांनी जागा दाबून धरली. रक्त थांबलं. तेवढ्यात टोकाच्या खोलीतून आरडाओरडा झाला, तिथल्या म्हाताऱ्याचा श्वास अडकला होता. आणि अख्ख्या मजल्याला सिस्टर एकच.

खरं तर हे शिकलेल्या माणसाचं काम. मामांनी चादरी बदलाव्यात, पेशंटला कुशीवर वळवावं. पण सिस्टर करतात काय? त्यांनी मेहुण्याचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला आणि मग आपला खालून काढला. दाबलेली जागा तशीच सोपवतात.

"मामा, मी आल्याशिवाय हात काढू नका. काढलात तर हा जाईल."

आणि गेल्या.

आता बघा. उजवा हात बोळ्यावर, डावा तोल सांभाळायला कॉटच्या कठड्यावर. बेल पलीकडे, पोचत नाही. पेशंट औषधाने गाढ झोपलेला. मेहुण्याच्या नाकावर माशी बसली तरी बिचाऱ्याला हाकलता येईना. खांदा भरून आला. बोटं बधिर झाली. सिस्टरचा पत्ता नाही.

मग मागून आवाज आला. बाईचा. हळू.

"सोडा मामा. मी धरते."

सुटलो, असं वाटलं त्याला. मान वळवणार, तोच समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत खोली दिसली. कॉट दिसली. तो स्वतः दिसला.

मागे कुणीच नव्हतं...

"सोडा."

आता कानाशी. तो रडकुंडीला आला. पळावं, तर पेशंट मरतो. थांबावं, तर...

हात आला. वरून नाही. खालून. गार.

त्याचं एकेक बोट उचलू लागला.

करंगळी...

तिच्या शेजारचं...

सिस्टर परतल्या तेव्हा मेहुण्याचे दोन्ही हात कठड्यावर आवळलेले होते. चादरीवर रक्ताचा नवा थेंब नव्हता. "कुणाच्या हाती दिलंत?" त्यांनी विचारलं.

पेशंट वाचला, घरी गेला. जांघेवर पाच बोटांचे वळ तेवढे राहिले. बारीक बोटं. मेहुण्याची नव्हेत, सिस्टरचीही नव्हेत.

तपासणीला आला की सांगतो, इतके महिने झाले... वळ जात नाहीत. रोज सकाळी ताजे असतात.