खांद्यावरचा निळा व्रण

इद्रिस प्रोसर पूर्वी कोळशाच्या खाणीत होता; त्याच्या डाव्या भुवईवरचा निळा व्रण पाऊण इंच लांब होता. कोळशाची भुकटी जखमेत राहते, वर कातडी धरते आणि तो रंग जन्मभर जात नाही. मी रसायनशास्त्र शिकले आणि लंडनजवळच्या स्टुडिओत रंगभूषा करू लागले. आठ वर्षं हा व्रण झाकत होते. इद्रिस कधी पाद्री व्हायचा, कधी हवालदार. नामावलीत कायम सहावा.

"एवढा सिनेमा झाला की परत येतो," असं तो वेल्समधल्या ऱ्होंडा या खाणींच्या खोऱ्यातल्या बायकोला दर वेळी लिहायचा.

यंदा तो खाणकामगार होता. छत कोसळून मरायचं. प्रसंग जमला तर पुढच्या चित्रपटात पहिलं नाव त्याचं, असं ठरलं होतं. खाण प्लास्टरची, कोळसा म्हणजे काळा रंगवलेला बुचाचा भुगा.

सोमवारी तो मेला. मंगळवारी त्याच्या खांद्यावर दीड इंचाचा निळा व्रण होता. जुना, पूर्ण भरलेला.

"हा काल नव्हता."

"चष्मा घे, नेस्टा. म्हातारी झालीस."

त्याचा हात गार लागला. मी नाडी मोजली. चोपन्न.

त्या दिवशी तो पुन्हा मेला. बुधवारी सकाळी मानेवर दुसरा व्रण. अशी जखम भरायला महिने लागतात. तो खोकला. रुमालावरचं काळं मी भिंगाखाली पाहिलं. बूच नव्हतं.

नाडी छत्तीस.

"इद्रिस, आज नको."

"आजचा एकच. मग बघू."

"तिसरा टेक!" दिग्दर्शक ओरडला.

गर्दीसाठी खोऱ्यातून सात निवृत्त खाणकामगार आणले होते. ते जागचे हलले नाहीत. मग एकेकाने कोट उचलला.

"अहो आजोबा, निघालात कुठे?"

"घरी," म्हातारा गोमर म्हणाला. "खाणीत माणूस गेला की त्या दिवसाचं काम बंद, साहेब. दोन दिवस आम्ही चुकलो."

"पण गेलंय कोण?"

सातही जण इद्रिसकडे पाहत होते.

माझी बोटं अजून त्याच्या मनगटावर होती. त्याने लांब श्वास सोडला. चेहरा सैल पडला. बोटांखाली ठोके भराभर येऊ लागले, आणि मला रडू फुटलं.

"मी गेलोय, साहेब. दोनदा," तो म्हणाला. "आता काम बंद. मी घरी चाललो."