तळं निवळलं

बाटली तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, आम्लाचे थेंब टाकून झाकण घट्ट लावायचं. नेलिदाचे हात सवयीने चालत होते. पाठीवर शालीच्या झोळीत तिचा तान्हा आन्सेल्मो तिची वेणी चोखत होता. वर बर्फ वितळून उघडे पडलेले काळे खडक, खाली काठाचे दगड गंजल्यासारखे तांबडे. या पाण्यात शिसं होतं. गावचा कालवा पोराबाळांसाठी उघडायचा की नाही, ते तिच्या बाटल्यांवर ठरायचं.

तिची सासू तेओदोरा तळ्याला वाहायची कोकाची पानं मुठीत घेऊन पाण्याकडे निघाली.

"आई, नका ना टाकू! नमुना बिघडेल."

"तळ्याकडून घ्यायचं आणि त्याच्या हातावर काही ठेवायचं नाही? कुणी शिकवलं गं तुला हे? शहरातल्यांनी?"

"द्यायला आहे काय माझ्याकडे? हा एक रडका तेवढा!" नेलिदा पाण्याकडे वळून हसली. "काय रे तळ्या, घेतोस का?"

तेओदोरा हसली नाही. पानं तिने मुकाट्याने पिशवीत ठेवली.

पुढच्या खेपेला प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "नेलिदा, बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली? शिसं निम्म्यावर आलंय."

तिने पुन्हा पाणी पाठवलं. शिसं आणखी उतरलं. पाऊस सरेतो काठाचे तांबडे दगड करडे पडले. कालवा उघडला. पोरं ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा नेलिदाला रडूच आलं.

त्याच दिवसांत तिच्या खांद्यावर झोळीचे वळ उठायला लागले.

"खातो काय गं हा? दगड?" शेजारणी चिडवायच्या.

पण झबलं तेच होतं, टोपीही तीच बसत होती. नर्सने त्याला वजनाला ठेवलं, काट्याकडे पाहिलं आणि काटा बिघडलाय म्हणाली. घरी येऊन नेलिदाने त्याच्या कपाळाचा पापा घेतला. रिकामा चमचा चाटल्यासारखी चव ओठांवर राहिली. चुलीजवळ निजवलं तरी त्याचे तळवे गार. आताशा तो रडतही नव्हता.

जावळाचा दिवस आला. आन्सेल्मोला घोंगडीवर बसवून केसांना रंगीत फिती बांधल्या. पुढे पत्र्याची ताटली. एकेकाने बट कापायची, ताटलीत ठेवायची, वर नाणं टाकायचं. पहिला मान धर्मपिता सोसिमोचा.

"त्याला मक्याची दारू कमी पाजा रे, पोराचा कान कापेल!"

हशा पिकला. सोसिमोने बट धरली. कात्री चालेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला.

बट ताटलीत पडली.

ठण्ण.

"नाणं टाकायची घाई कुणाला झाली रे?"

नाणी सगळ्यांच्या मुठीतच होती.

आन्सेल्मोने आईकडे हात पसरले. नेलिदा धावली. "आले हं, राजा," म्हणत तिने त्याच्या काखेत हात घातले.

उचलेना.

तिने पुन्हा जोर लावला. तो तिच्याकडे बघून हसत होता, आणि त्याच्याखालची घोंगडी सावकाश जमिनीत रुतत होती.