हात लागलेलं प्यादं

बसा. दिवा थोडा तुमच्याकडे ओढून घ्या हवं तर, पण टेबलावरच्या दुसऱ्या कशाला हात लावू नका. लावायचाच झाला तर आधी मोठ्यांदा सांगून लावा. विक्षिप्तपणा वाटेल, वाटू दे.

जन्मात एकदाच मी मास्तरांना हरवत होतो, आणि नेमके त्याच डावात मास्तर गेले.

मास्तर म्हणजे माझे बुद्धिबळाचे गुरू. मी स्वतः शाळा सुटल्यावर पोरांना बुद्धिबळ शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, घोडा तोंडात घालू नका एवढंच दिवसभर ओरडतो. खेळाडू म्हणून माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे: जिंकलेला डाव घालवणं. सुरुवात मी छान करतो, मधला खेळ त्याहून छान करतो आणि हातातोंडाशी आलेला घास शेवटी मातीत पाडतो. बायको पटाला सवत म्हणते. "सवत आणायची तर निदान तुम्हाला सुख देणारी तरी आणायची," असं ती चारचौघांत म्हणते, आणि लोक हसतात. मीही हसतो, पण मनातून मला ते लागतं.

त्या दिवशी पटावर तीनच मोहरे उरले होते. माझा पांढरा राजा, माझं एक प्यादं आणि मास्तरांचा काळा राजा. अशा शेवटात लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ती मी पोरांकडून घोकून घेतो: राजा पुढे, प्यादं मागे. राजाने पुढचं घर धरलं की त्याच्या आडोशाने प्यादं शेवटच्या ओळीत पोचतं आणि वजीर होतं. घाई करून आधी प्यादं ढकललं, की समोरचा राजा वाटेत येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. मास्तरांनी आपला राजा एक घर मागे घेतला, घड्याळाची कळ दाबली आणि मान खाली घातली. मला वाटलं विचार करतायत. मग लक्षात आलं, की चाल तर माझी आहे.

मास्तरांना थोर खेळाडूंच्या गोष्टी सांगायचा फार नाद. कुणाचं डोकं कसं फिरलं, कोण कंगाल होऊन मेला, कोण पटासमोर खुर्चीतच गेला. या शेवटच्या गोष्टीवर ते खूश असत. "त्याला मरण म्हणत नाहीत," म्हणायचे, "डाव तहकूब झाला म्हणतात." तेव्हा आम्ही शिष्य माना डोलवायचो. आता आठवलं की चीड येते.

त्यांच्या घरात दोन नियम होते. पहिला, बरोबरीवर कुणी उठायचं नाही. बरोबरी झाली तर रंग बदलून पुन्हा मांडायचं, कुणीतरी जिंकेपर्यंत. दुसरा नियम सगळीकडेच असतो: ज्या मोहऱ्याला हात लागला तोच चालवायचा. तिरका झालेला मोहरा नुसता घरात सरळ करायचा असेल तर आधी 'नीट करतो' असं म्हणायचं आणि मग हात लावायचा. कुणी म्हणायला विसरलं, तर मास्तर बोलत नसत. अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवत. टक्, टक्. झालं, त्या मोहऱ्याची सुटका नाही. आणि मला तर वस्तू सरळ करायची खोडच आहे. चौकट भिंतीवर वाकडी दिसली तरी परक्याच्या घरात उठून मी ती सरळ करतो.

मास्तर गेल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"दादा, आई त्या खुर्चीतून उठत नाही हो. बाबांच्या. मी तिला माझ्याकडे न्यायला आले, तर म्हणते डाव मोडून कशी निघू. जेवण निम्म्यावर आलंय तिचं. मी रोज ते मोहरे डब्यात भरते, आणि सकाळी बघावं तर परत मांडलेले."

"काकूच मांडत असतील."

"हो ना. तीच मांडत असणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तिला घोडा कुठला नि उंट कुठला, तेसुद्धा येत नाही."

ठरलं असं, की मी रविवारी दुपारी जायचं, तो डाव संपवायचा, संध्याकाळी गाडी येईल तेव्हा मायलेकी निघतील. तीन मोहऱ्यांचं काम. मी जाताना बायकोला म्हटलंसुद्धा, चहाच्या वेळेला परत येतो.

आभाळ भरून आलं होतं. मास्तरांच्या खोलीत पडदे ओढलेले, टेबलावरचा दिवा भरदुपारी लावलेला. मास्तर गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळत, त्याचा वास खोलीत होता, आणि तो जुना नव्हता, आत्ताच कुणी बाटली उघडल्यासारखा होता. काकू त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की खुर्चीच मोठी वाटत होती.

"आलास?" त्या म्हणाल्या. "चाल तुझी आहे."

"माहीत आहे, काकू."

"तू जिंकलास की मला सोडतील म्हणालेत."

"कोण?"

खुळ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच उठल्या. "एवढासा तर डाव. तू जिंकशीलच. मी कपडे बदलून येते, गाडी यायची वेळ होईल." कितीतरी दिवसांनी त्या खुर्चीतून उठल्या, ते माझ्यावर विश्वास ठेवून. दारापलीकडे मुलगी बॅगा भरत होती, तिने मला बघून हात जोडले. दार लोटलं गेलं.

मी बसलो. तोच डाव, तीच घरं. राजा एक घर पुढे, बस. इतकी वर्षं ज्या विजयासाठी तळमळलो तो समोर ताटात वाढून ठेवला होता, आणि समोर हरायला कुणी नव्हतं. एवढा राग आला मला. तुम्हाला म्हणून सांगतो, मी त्या रिकाम्या खुर्चीला शिवी दिली.

आणि प्यादं तिरकं दिसलं.

आत आलो तेव्हा ते सरळ होतं, अगदी घराच्या मधोमध. आता ते कडेला सरकून शेजारच्या घराच्या रेघेवर टेकलं होतं. माझा धक्का लागला असेल म्हणून मी दोन बोटांनी ते धरलं आणि मधोमध ठेवलं. न बोलता.

टक्, टक्.

खोलीत मी एकटा होतो. समोरच्या कडेला दिव्याचा उजेड पडला होता आणि तिथे काही नव्हतं. मी म्हटलं, "नीट करतो." माझाच आवाज मला लहान पोरासारखा वाटला. "नीट... नीट करत होतो, मास्तर."

 घड्याळ सुरू झालं होतं, माझ्या बाजूचं. त्याला किल्ली कुणी दिली होती देव जाणे.

मग मी ठरवलं, गेला खड्ड्यात नियम. आत एक म्हातारी बाई कपडे बदलून तयार होतेय. मी राजाला हात घातला. राजा उचलेना. चिकटला होता म्हणावं तर तसंही नाही, तो हलका होता, बोटांत गोल फिरत होता, पण त्या घरातून निघत नव्हता. मी दोन्ही हातांनी ओढला. उभा राहून ओढला. पट टेबलासकट हलला, बाकीचे मोहरे जागचे हलले नाहीत. कपाळाला घाम आला तेव्हा सोडलं, आणि नुसतं बघायला म्हणून प्याद्याला बोट टेकवलं. ते लोण्यावरून घसरावं तसं एक घर पुढे गेलं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काळा राजा वाटेत येऊन उभा होता.

पुढचं काय सांगू... आता माझा राजा निमूटपणे उचलला जात होता, आता काय उपयोग. मी चाल करायचो, पापणी लवायची, काळा राजा हललेला असायचा. प्रत्येक वेळी नेमक्या हव्या त्याच घरात. मास्तर चुकत नसत. शेवटी त्या राजाला शहही नव्हता आणि हलायला घरही नव्हतं, माझं प्यादं शेवटच्या ओळीच्या एक घर अलीकडे अडकलेलं. बरोबरी. पहिल्या महिन्यातलं पोरगंही घालवणार नाही, असा डाव मी घालवला होता.

काकू आल्या. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर थोडं तेज. "झालं?"

"बरोबरी झाली, काकू."

 काकूंनी पिशवी भिंतीशी ठेवली, खुर्चीत बसल्या आणि मोहरे मांडू लागल्या. या वेळी काळे माझ्याकडे. घोडा घोड्याच्या घरात, उंट उंटाच्या, एकदाही न अडखळता.

"दादा," मुलगी दारातून म्हणाली, "तीन होते. तीनच मोहरे होते हो." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने जाऊन गाडी परत पाठवली. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

"त्याला बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "यांनाच एकट्याने बसवत नाही. समोर कुणीतरी लागतं... मी नसले तर दुसरं कुणी."

मी नवा डाव सुरूही न करता घरी आलो. पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं. बायकोने चहा पुढे केला. "सवतीनं आज तोंडघशी पाडलं वाटतं," म्हणाली, आणि माझं तोंड बघून आत निघून गेली. रात्रभर मी चिडचिड करत होतो. दुसऱ्या दिवसापासून मला एक सवय लागली. पेला, चप्पल, पोरांच्या पटावरचे मोहरे, कशालाही हात लावण्याआधी मी 'नीट करतो' म्हणू लागलो. पोरं नक्कल करायची. करू देत.

पुढच्या रविवारी दुपारी बायको आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता पेंगली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, आता पडतो की मग. मी जाता जाता दोन बोटांनी तो वर सरकवला.

टक्, टक्.

खोलीत निलगिरीचा वास आला. मी तिथेच उभा राहिलो. ती झोपेतून उठली ती सरळ आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा खांद्याला पिशवी होती.

"कुठे निघालीस?"

"मास्तरांकडे. काही दिवस राहते. तिथे कुणीतरी हवं." रोजच्याच आवाजात म्हणाली. मी तिला त्या खोलीतलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी दारात आडवा झालो, हात धरला, गयावया केली. ती माझ्या बाजूने निघून गेली, जसं ते प्यादं गेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांची मुलगी रडत होती, आनंदाने. "दादा, आई उठली. स्वतःहून उठली. गाडीत बसलीये. मघाशी पोटभर जेवली."

आता मी रोज तिथे जातो. ती मास्तरांच्या खुर्चीत बसते. जिला उभ्या जन्मात पटाचा तिटकारा, ती मला म्हणते, "चाल तुमची आहे." तिचा चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर आलाय. काल मी मोठ्यांदा, स्पष्ट म्हटलं, "नीट करतो," आणि हात पुढे केला. तिने वर बघितलं नाही. अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवर वाजवलं.

हरलो तर काय होतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. जिंकलो तर तिला घरी आणेन. डाव अर्धा ठेवून मी इकडे आलो तेव्हा माझ्याकडे एक हत्ती जास्त होता आणि तिच्याकडे डाव वाचवायला काही नव्हतं. कुणीही डोळे झाकून जिंकेल असा डाव आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.